नावाची किंमत आम्हाला विचारा!

गेल्या १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, आम्ही नेहमीप्रमाणे विद्यापीठाच्या गेटवर गेलो होतो. खेड्यापाड्यांतून आलेल्या आयाबाया, निळे झेंडे घेतलेली पोरे, पुस्तकांचे स्टॉल, बिल्ले, कॅलेंडरे, मूर्ती आणि या सर्वांवर कडी करणारे भीमगीतांचे कर्णे. एका स्टॉलवर पेनड्राइव्ह विकायला ठेवले होते. एका पेनड्राइव्हमध्ये दोनशे भीमगीते. आम्ही एक घेतला. स्टॉलवर त्या वेळी जे गाणे वाजत होते ते आम्ही चाळीस वर्षांपासून ऐकत आलो आहोत. विकणाऱ्या पोराला सहज विचारले, "बाळा, हे गाणं लिहिलं कोणी?" त्याने गायकाचे नाव सांगितले. आम्ही म्हटले, "अरे, गायलं त्यांनी. लिहिलं कोणी?" पोरगा हसला. म्हणाला, "काका, गाणं भारी आहे ना? मग झालं की!"

घरी येऊन पेनड्राइव्ह संगणकाला लावला. पडद्यावर यादी उमटली. कुठे गायकाचे आडनाव, कुठे गाण्याचे पहिले दोन शब्द, कुठे नुसतेच 'भीमगीत नवीन ०७'. दोनशे गाण्यांत कवीचे नाव एकाही ठिकाणी नव्हते. ज्या गेटवर एका नावासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच गेटवर आमच्याच गाण्यांची नावे पुसून विक्री चालली होती आणि विकत घेणारे आम्हीच होतो.

संध्याकाळी पुण्याहून आलेला पुतण्या ही यादी पाहत होता. तो इंग्रजी रॉक संगीताचा शौकीन आहे. आमचा वैताग ऐकून तो म्हणाला, "काका, तुम्हाला एक गंमत दाखवतो." त्याने मोबाइलवर एका जुन्या अल्बमचे मुखपृष्ठ काढले. पोपडे आलेली भिंत, भिंतीवर टांगलेली एक चौकट आणि चौकटीत पाठीवर काटक्यांची भली मोठी मोळी घेऊन कमरेत वाकलेला एक म्हातारा. मुखपृष्ठावर अक्षर म्हणून नाही. ना अल्बमचे नाव, ना गाणाऱ्यांचे. पुतण्या म्हणाला, "त्यांनी मुद्दाम नाव टाकलं नाही." आमची नजर मात्र त्या म्हाताऱ्यावरच खिळली होती. अशी मोळी वाहणारी माणसे आम्ही आमच्या घरात पाहिली आहेत. आम्ही विचारले, "ते राहू दे. हा मोळीवाला कोण?"

या एका प्रश्नाने आम्हाला बरेच काही वाचायला लावले. जे हाती लागले ते चळवळीच्या वाचकांसमोर ठेवावे असे वाटले, म्हणून आजचा हा लेख.

हा अल्बम लेड झेपलिन या इंग्लंडमधील रॉक मंडळींचा. गिटार वाजवणारा जिमी पेज, गाणारा रॉबर्ट प्लांट, बास आणि कीबोर्ड सांभाळणारा जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर जॉन बॉनहॅम. ८ नोव्हेंबर १९७१ रोजी हा अल्बम बाजारात आला. अल्बमला नावच नसल्याने आणि तो त्यांचा चौथा असल्याने लोक त्याला 'लेड झेपलिन चार' म्हणू लागले. एकट्या अमेरिकेत दोन कोटींहून अधिक प्रती खपल्याची नोंद आहे. त्यातले 'स्टेअरवे टू हेवन' हे सुमारे आठ मिनिटांचे गाणे जगभरच्या गिटार शिकणाऱ्या पोरांनी बोटे सोलेपर्यंत वाजवले. अभिजात रॉक अल्बम कोणता असे विचारले की पहिल्या पाच-दहा नावांत हा अल्बम येतोच.

तो तयार कसा झाला हेही सांगण्यासारखे आहे. काही काम लंडनच्या स्टुडिओत झाले. पण अल्बमला जीव मिळाला तो हॅम्पशायर परगण्यातील हेडली ग्रेंज नावाच्या जुनाट, थंडगार घरात. १९७१ च्या सुरुवातीस ही मंडळी तिथे जाऊन राहिली आणि ध्वनिमुद्रणाची सामग्री बसवलेली एक मोटारगाडी दाराशी उभी केली. घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ड्रम ठेवले, वर जिन्यातून दोन मायक्रोफोन खाली सोडले आणि अँडी जॉन्स या तंत्रज्ञाने तो घुमणारा ठोका टिपला. आजही जगभरचे ध्वनितज्ज्ञ त्या ठोक्याचा अभ्यास करतात. पण हे घर मुळात होते काय? १७९५ साली बांधलेले ते श्रमघर होते. आसपासच्या गावांतले निर्धन, दुबळे, पोरके यांना तिथे ठेवत आणि अन्नाच्या बदल्यात राबवून घेत. १८३० साली उपाशी शेतमजुरांच्या जमावाने चिडून या घरावर चाल केली होती. ज्या भिंतींनी कित्येक अनामिक गरिबांचे हाल पाहिले, त्याच भिंतींचा घुमारा घेऊन अल्बमचा ड्रम वाजतो आहे. त्या गरिबांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत.

आणि नाव न टाकण्याचे कारण? आधीच्या अल्बमवर टीकाकारांनी तोंडसुख घेतले होते. त्यामुळे जिमी पेज चिडला होता. आमचे संगीत नावावर विकत नाही, गुणावर विकते हे दाखवून देऊ, अशी त्याची ईर्षा होती. कंपनीने विरोध केला, पण मंडळी हटली नाहीत. नावाऐवजी चौघांनी चार चिन्हे निवडली. 'द बॅटल ऑफ एव्हरमोर' या गाण्यात सोबत गाणाऱ्या सँडी डेनी या गायिकेलाही आत एक चिन्ह मिळाले. अल्बम तरीही तुफान खपला. कारण त्यांचे नाव आधीच जगाला ठाऊक होते! वाचकहो, इथेच पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याला नाव आहे, त्याला ते झाकून ठेवण्याची चैन परवडते. ज्याला ते मिळूच दिलेले नाही त्याच्यासाठी अनामिक राहणे ही कला नसते, ती शिक्षा असते.

या अल्बममधले शेवटचे गाणे ऐकले आणि आम्ही सावरून बसलो. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे बांध फुटतो तेव्हा. लेव्ही म्हणजे नदीचे पाणी अडवणारा मातीचा बांध. हे गाणे मुळात या इंग्रज पोरांचे नव्हेच. ते १९२९ साली मेम्फिस मिनी आणि तिचा नवरा कॅन्सस जो मकॉय या काळ्या जोडप्याने ध्वनिमुद्रित केले होते. गाण्याचा विषय होता १९२७ चा मिसिसिपी नदीचा महापूर.

त्या पुराची हकिगत प्रत्येक आंबेडकरवाद्याने वाचावी अशी आहे. २१ एप्रिल १९२७ रोजी मिसिसिपी राज्यात ग्रीनव्हिल शहराच्या वरच्या अंगाला बांध फुटला. पुराने सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. त्यांत काळ्यांचा भरणा मोठा होता. बांध वाचवायला वाळूची पोती वाहणारे काळे मजूर होते आणि त्यांच्यावर बंदुका रोखून उभे राहणारे गोरे होते. बांध फुटल्यावर बोटी आल्या, गोऱ्यांना घेऊन गेल्या. हजारो काळी माणसे मात्र बांधावरच्या छावण्यांत अडकवून ठेवली गेली. का? तर ती एकदा बाहेर पडली की परत येणार नाहीत आणि मग कापसाच्या मळ्यांत राबायला कोण उरणार, ही मळेवाल्यांची चिंता! छावणीत अंगावर मजुरीचा बिल्ला असेल तर शिधा, नसेल तर उपाशी.

आता तारखा जुळवून पाहा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर बरोबर एक महिना आणि एका दिवसाने तिकडे बांध फुटला. इकडे माणसांना पाण्याला शिवू दिले जात नव्हते, तिकडे माणसांना पाण्यातून बाहेर पडू दिले जात नव्हते. पाणी दोन्हीकडे निसर्गाचे होते, त्यावरचा पहारा मात्र माणसांनी बसवलेला होता. चवदार तळ्याच्या लढ्याचे पोवाडे आमच्या शाहिरांनी रचले. बांधावरच्या हालांची गाणी काळ्या कलावंतांनी रचली. शोषितांचा इतिहास आधी गाण्यात लिहिला जातो तो असा.

त्या मेम्फिस मिनीचे पुढे काय झाले? तिचे खरे नाव लिझी डग्लस. बाई असून गिटार अशी वाजवायची की भलेभले पुरुष तिच्यापुढे हार मानत. तीस वर्षांच्या काळात तिने दोनशेच्या आसपास गाणी ध्वनिमुद्रित केली. १९६० साली पक्षाघात झाला आणि ती चाकाच्या खुर्चीला खिळली. लेड झेपलिनचा अल्बम लाखोंनी खपत होता तेव्हा ती मेम्फिस शहरात हलाखीत दिवस काढत होती. तिची अवस्था छापून आल्यावर वाचक तिला पैसे पाठवत. ६ ऑगस्ट १९७३ रोजी ती गेली. तिच्या कबरीवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. तो दगड बसला १९९६ साली, बॉनी रेट या गायिकेने खर्च उचलला तेव्हा. तेवीस वर्षे ती बिननावाची मातीत पडून होती.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगितले पाहिजे की, लेड झेपलिनने या गाण्याच्या श्रेयात आपल्या चौघांबरोबर मेम्फिस मिनीचे नाव छापले होते. पण १९२९ च्या तबकडीवर ज्याचा आवाज आहे त्या मकॉयचे नाव तिथे नाही. आणि प्रत्येक वेळी एवढाही प्रामाणिकपणा दिसला नाही. त्यांच्या १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधील 'होल लॉटा लव्ह' या गाजलेल्या गाण्यात विली डिक्सन या काळ्या कवी-संगीतकाराचे शब्द घेतले होते, नाव मात्र घेतले नव्हते. डिक्सनने १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली आणि पुढे त्याचे नाव श्रेयात आले. हाच डिक्सन दुसऱ्या ब्लूज कलावंतांना त्यांचे मानधन मिळावे म्हणून संस्था काढून झटला. तो नुसता रडत बसला नाही. कायद्याच्या दारात उभा राहिला. हा मार्ग आम्हाला ओळखीचा वाटतो.

या अल्बमची एक तार थेट आपल्या महाराष्ट्रापर्यंत आली आहे, हे आम्हालाही नव्यानेच कळले. ऑक्टोबर १९७२ मध्ये जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी एका स्टुडिओत दोन गाणी वाजवून घेतली. त्यातले एक याच चौथ्या अल्बममधले 'फोर स्टिक्स'. बॉनहॅमने ते दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून वाजवले म्हणून त्याचे नाव 'चार काठ्या'. मुंबईच्या वादकांनी ते आपल्या तालवाद्यांवर नि तंतुवाद्यांवर वाजवले. ती मुद्रणे त्रेचाळीस वर्षे पडून राहिली आणि २०१५ साली 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत बाहेर आली. गाण्यापुढे नाव काय छापले? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. सगळ्या वादकांना मिळून एकच नाव!

वाजवणाऱ्याचे नाव न घेण्याची रीत मात्र काही साहेबांनी इथे आणलेली नाही. ती आमच्या गावगाड्यात आधीपासून आहे. हलगीवाला, सनईवाला, डफवाला यांच्याशिवाय गावात लग्न लागत नाही. पण लग्नपत्रिकेत कधी वाजंत्र्यांचे नाव वाचले आहे काय? सूर चालतो, माणूस चालत नाही. म्हणून तर त्याच १९७२ साली, त्याच मुंबईत, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलित पँथर उभी केली. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथरचे नाव पाहून त्यांनी आपल्या संघटनेचे नाव ठेवले आणि ते कोणाकडून घेतले हे छातीठोकपणे सांगितले. नाव घेणे आणि नाव चोरणे यातला फरक हाच की, घेणारा ऋण मान्य करतो.

आता त्या मोळीवाल्या म्हाताऱ्याकडे येऊ. मुखपृष्ठावरचे ते चित्र रॉबर्ट प्लांटला एका जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडले होते. लोकांना वाटे, कोणा चित्रकाराने कल्पनेने काढले असेल. पन्नास वर्षे कोट्यवधी लोकांनी ते घरात ठेवले, भिंतीला लावले, सदऱ्यावर मिरवले. म्हातारा कोण, याचा पत्ता नव्हता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रायन एडवर्ड्स या इंग्लंडमधील इतिहास संशोधकाने तो लावला. लिलावात आलेल्या एका जुन्या छायाचित्रसंग्रहात त्याला मूळ फोटो दिसला. अर्नेस्ट हॉवर्ड फार्मर या छायाचित्रकाराने तो १८९२ साली काढला होता. खाली लिहिले होते, विल्टशायरचा छप्पर शाकारणारा. एडवर्ड्सने मग जुनी कागदपत्रे धुंडाळली आणि तो म्हातारा बहुधा मीअर गावचा लॉट लाँग असावा, असा निष्कर्ष काढला. वय ६९, बायको वारलेली, लहानशा घरात एकटा राहणारा कष्टकरी. फोटो निघाल्यावर वर्षभरातच, १८९३ साली, तो वारला. विल्टशायरच्या संग्रहालयाने तो फोटो विकत घेतला आणि त्याचे प्रदर्शन भरवले.

एका मजुराला नाव मिळायला १३१ वर्षे लागली. पण त्यासाठी कोणीतरी कागद चाळले, कोणीतरी खाली लिहिलेला मजकूर वाचला, कोणीतरी विचारले की हा कोण? आम्हाला खरा प्रश्न इथे टोचतो. त्यांच्या एका म्हाताऱ्याचा शोध घ्यायला एक संशोधक उभा राहतो आणि आमची दोनशे गाणी दोनशे रुपयांत बिननावाची विकली जातात, त्याचे आम्हाला काहीच वाटत नाही?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्या कोणत्या शहरात विचारला नसता. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तो विचारावाच लागेल. नावाची किंमत या शहराला पुरेपूर माहीत आहे. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बाबासाहेबांच्या महाविद्यालयाची कोनशिला बसली. त्या महाविद्यालयाला 'मिलिंद' आणि त्या माळरानाला 'नागसेनवन' ही नावे मिळाली, तीही उगाच नाहीत. राजाने प्रश्न विचारावा आणि भिक्खूने उत्तर द्यावे, ही विद्येची परंपरा त्या दोन नावांत आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. नावासाठी पोचीराम कांबळे गेले. नावासाठी गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतले. नागपूरहून लाँग मार्च निघाला. घरात पीठ नाही तर विद्यापीठ कशाला, असे टोमणे मारणारे होते. नावाने पोट भरते काय, असे विचारणारे शहाणे होते. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' ही अक्षरे कमानीवर आली. नाव म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

मग आमच्या गाण्यांच्या बाबतीत आम्ही एवढे गाफील कसे?

याचे एक कारण कॅसेटच्या काळात आहे. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली आणि भीमगीत वस्तीवस्तीत पोहोचले. ही क्रांतीच होती. वाचता न येणाऱ्या आईने बाबासाहेबांचे चरित्र कॅसेटवरून पाठ केले. नागसेनवनातल्या वसतिगृहात आमच्या खोलीत एकच टेपरेकॉर्डर होता. त्याची फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. पण त्या कॅसेटच्या वेष्टनावर काय असायचे ते आठवा. गायकाचा मोठा फोटो, कंपनीचे मोठे नाव आणि कवीचे नाव असलेच तर खाली मुंगीएवढ्या अक्षरांत. कॅसेटवरून कॅसेट भरली गेली आणि ते वेष्टनही गेले. पुढे सीडी आली, मोबाइल आला आणि मुंगीएवढी अक्षरेही उरली नाहीत.

आमच्या कवींना हे होणार हे जणू ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी आपले नाव वेष्टनाच्या भरवशावर सोडले नाही. ते गाण्यातच विणले. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस. अक्षरओळख मोठेपणी झाली, पण आयुष्यभर गाणी लिहून ती गावोगाव गात राहिला. ही नाममुद्रेची रीत थेट चोखोबांपर्यंत जाते. परंपरा सांगते की, १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर वेठीने राबताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. मिसिसिपीच्या बांधावरचे मजूर आणि मंगळवेढ्याच्या भिंतीखालचे मजूर यांच्यात सहाशे वर्षांचे अंतर आहे. वेठ तीच आहे. भिंतीखालच्या बाकीच्यांची नावे गेली. चोखोबांचे राहिले, कारण ते अभंगाच्या शेवटच्या चरणात होते. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण?' हा आपला १९४८ चा ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्यासह चोखामेळ्याला अर्पण केला, तेव्हा त्यांनीही नावच घेतले होते.

इथे एक आक्षेप येईल, तो आधीच घेतो. भीमगीते तरी सिनेमाच्या चालींवर बांधली जातातच की! तेव्हा कुठे आम्ही मूळ संगीतकाराचे नाव घेतो? आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही मान्य केला पाहिजे. लोकपरंपरेत चाल कोणा एकाची नसते. मिनी आणि जो यांनीही जुन्या ब्लूजमधून घेतले असेल, आमच्या शाहिरांनी कव्वालीतून, भजनातून, सिनेमातून घेतले. जोवर सगळेच एकमेकांचे घेतात आणि सगळेच फाटके आहेत, तोवर त्याला देवाणघेवाण म्हणतात. पण ज्या दिवशी एकाच्या हाती बाजार येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला बिननावाची कबर येते, त्या दिवशी त्याला शोषण म्हणतात. आणि आम्ही स्वतः ज्यांचे घेतले त्यांचेही नाव सांगावे, म्हणजे दुसऱ्याकडे मागताना आवाज चढा ठेवता येतो.

कायदा आज कवीच्या बाजूने आहे, हे आमच्या किती कलावंतांना माहीत आहे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सांगते की, हक्क विकून टाकले तरी ही रचना माझी आहे हे सांगण्याचा अधिकार रचनाकाराकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांना मानधनातला वाटाही राखून दिला. कवीच्या निधनानंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे असतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. त्याच २००४ च्या जून महिन्यात प्रल्हाद शिंदेंचा पहाडी आवाजही थांबला. लिहिणारा आणि गाणारा असे दोघे दीड महिन्याच्या आत गेले. दोघांची गाणी मात्र दर १४ एप्रिलला गल्लोगल्ली वाजतात. आवाज ऐकून गायक ओळखता येतो. कवीला आवाज नसतो, त्याला फक्त नाव असते. ते गेले की सारेच गेले.

पण कायद्याच्या आधी काम घरातून सुरू होते. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाच्या घरी माळ्यावर, पेटीत, जुन्या पिशवीत चार-दोन कॅसेटी असतील. फीत खराब झाली असेल, पण वेष्टन टाकू नका. त्यावरची मुंगीएवढी अक्षरे भिंग लावून वाचा आणि वहीत उतरवा. गाणे, कवी, गायक, साल, गाव. जलशातली गाणी पाठ असलेली एखादी आजी वस्तीत असेल तर तिच्यापाशी बसा. तिला अक्षर येत नसेल, पण कोणाचे गाणे ते तिला पक्के माहीत असते. नागसेनवनात आणि विद्यापीठात शिकणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घ्यावा. ज्या गेटसाठी लढा झाला, त्या गेटच्या आत या नावांचा संग्रह उभा राहणे यापेक्षा योग्य गोष्ट दुसरी नाही. आणि भीमजयंतीच्या मंडळांनी एवढे तरी करावे: गाणे लावण्याआधी माइकवरून कवीचे नाव पुकारावे. त्याला पैसा लागत नाही.

त्या रात्री पुतण्या आणि आम्ही तो पेनड्राइव्ह पुन्हा लावून बसलो. एकेक गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकायचे, नाममुद्रा सापडली की थांबवायचे आणि यादीत नाव भरायचे. पहाटेपर्यंत एकतीस नावे भरून झाली. चौदा आमच्या आठवणीतून, सतरा शेवटच्या कडव्यांतून. बाकीच्या एकशे एकोणसत्तर गाण्यांपुढची जागा आम्ही कोरी ठेवली आहे. 'पारंपरिक' किंवा 'अनामिक' असे काही त्यात लिहिले नाही. ती गाणी कोणीतरी लिहिली आहेत आणि त्या कोणाची तरी मुले-नातवंडे हा अंक वाचत असतील. बांधवहो, ती कोरी जागा तुमची वाट पाहते आहे.

जयभीम.